अ‍ॅलर्जीच्या रुग्णाने एसीची जाळी कशी निवडावी?

चैत्र सरत आला, की आपल्या खानदेशात दोन गोष्टी बरोबरच सुरू होतात. माळ्यावरचा कूलर खाली उतरतो आणि घरातल्या एखाद्याला शिंकांची माळ लागते. जळगाव, भुसावळ, चोपडा, शिरपूर या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. पंख्याने भागत नाही आणि कूलर लावला की मुलाचे नाक वाहू लागते, रात्री खोकला सुरू होतो. मग 'कर्ज काढावे लागले तरी चालेल, पण यंदा एसी घेऊच' असा विचार घरात होतो. दुकानात गेले की 'अँटी-अ‍ॅलर्जी फिल्टर', 'पीएम २.५ फिल्टर', 'हेपा' अशी नावे कानावर पडतात आणि प्रत्येक नावागणिक किंमत चढत जाते. त्यातले घ्यावे काय आणि सोडावे काय, हा आजच्या लेखाचा विषय आहे.

एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. आपल्या घरातील एसीला जी जाळी असते, ती मुख्यतः यंत्राच्या रक्षणासाठी असते. आतल्या थंड नळ्यांवर धूळ बसू नये, एवढेच तिचे काम. रुग्णाच्या छातीचे रक्षण तिच्यावर सोपवून निर्धास्त होता येत नाही. हे नीट समजले, तर पैसा कोठे खर्च करायचा याचा निर्णय सोपा होतो.

वावडे कशाचे, ते आधी ओळखा

अ‍ॅलर्जी म्हणजे वावडे. १९०६ साली व्हिएन्नाच्या डॉ. क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी हा शब्द प्रथम वापरला. इतरांना निरुपद्रवी असलेल्या पदार्थाला शरीराने शत्रू समजावे आणि त्याच्याशी लढताना स्वतःचेच नाक, डोळे, त्वचा किंवा श्वासनलिका सुजवून घ्याव्यात, असा हा प्रकार आहे. प्रत्येकाचे वावडे वेगळे असते, म्हणून उपायही वेगळा असतो.

आपल्या भागात नेहमी आढळणारी कारणे अशी आहेत. पावसाळ्यात आणि त्यानंतर रस्त्याकडेला माजणारे काँग्रेस गवत, म्हणजेच गाजर गवत. १९५० च्या दशकात पुण्यात नोंदले गेलेले हे परदेशी तण पुढे देशभर पसरले. त्याने कातडीवर पुरळ उठते आणि परागकणांनी नाकालाही त्रास होतो. नदीनाल्यांच्या काठची वेडी बाभूळ आणि भाद्रपद-आश्विनात फुलणारी गवते यांचेही परागकण हवेत असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये दादरीच्या आणि गव्हाच्या मळणीचा भुसा उडतो. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर या दोन्ही महामार्गांचा फुफाटा तर बारमाही आहे. ही झाली घराबाहेरची कारणे.

घरातली कारणे अधिक चिवट असतात. गादी-उशीच्या धुळीत माइट नावाचे, आठ पायांचे, डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात. आपल्या अंगावरून झडणाऱ्या त्वचेच्या कोंड्यावर ते जगतात. घरातल्या धुळीच्या अ‍ॅलर्जीचे मोठे कारण हे जीव आहेत, हे १९६४ साली हॉलंडमधील लायडन येथील संशोधकांनी दाखवून दिले. याखेरीज ओल्या भिंतीवरची बुरशी, झुरळांची विष्ठा आणि मांजराचा कोंडा हीही कारणे असतात.

तेव्हा एक साधी वही करा. त्रास कोणत्या महिन्यात, कोणत्या वेळी, कोणत्या खोलीत होतो हे महिनाभर लिहून ठेवा. पहाटे अंथरुणातून उठताना शिंका येत असतील, तर संशय गादीवर घ्यावा. शेतातून आल्यावर डोळे चुरचुरत असतील, तर परागकणांवर. कूलर सुरू केल्यावर दहा मिनिटांत खोकला येत असेल, तर कूलरच्या गवतावर. गरज पडल्यास डॉक्टर त्वचेवर टोचून करण्याची चाचणी सुचवतात.

एसी हवा कोठून घेतो?

एसी बाहेरची ताजी हवा गार करून आत सोडतो, असा अनेकांचा समज आहे. भिंतीवरचा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा आत ओढतो, गार करतो आणि खोलीतच सोडतो. बाहेर ठेवलेला भाग फक्त उष्णता बाहेर टाकतो. खिडकीच्या एसीत बाहेरच्या हवेसाठी एक लहान झडप असते, पण ती बहुधा बंदच असते.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली फायद्याची : दारे-खिडक्या बंद राहिल्याने बाहेरचे परागकण आणि फुफाटा आत येत नाही. परागकणांच्या रुग्णाला एसीने जो आराम पडतो, त्याचे बरेचसे श्रेय बंद खिडकीचे असते. दुसरी तोट्याची : खोलीत जे आहे ते खोलीतच फिरत राहते. बंद खोलीत डासांची अगरबत्ती लावली, तर तिचा धूर रात्रभर आपणच ओढतो. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, डासांच्या एका अगरबत्तीतून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले होते. दम्याच्या रुग्णाच्या खोलीत ती मुळीच नको. मच्छरदाणी बरी.

जाळीची भोके आणि कणांचा आकार

कण मोजण्याचे माप आहे मायक्रॉन. एका मिलिमीटरचे हजार भाग केले, की त्यातला एक भाग म्हणजे एक मायक्रॉन. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो. परागकण बहुधा १० ते १०० मायक्रॉनचे, माइटची विष्ठा २० मायक्रॉनच्या आसपास, बुरशीचे बीजकण बहुतांशी २ ते १० मायक्रॉनचे असतात. धुराचे कण एका मायक्रॉनहूनही लहान असतात.

आता एसीचे झाकण उघडून जाळी उजेडात धरा. तिची भोके डोळ्यांना दिसतात. जे भोक डोळ्यांना दिसते, त्यातून २० मायक्रॉनचा कण सहज जातो हे उघड आहे. जाळीत अडकतात ते केस, कापसाचे तंतू, मोठी धूळ आणि वाटेत चिकटून राहिलेले थोडे बारीक कण. बुरशीचे कण आणि धूर यांना ती जाळी म्हणजे उघडा दरवाजाच.

नावांचा अर्थ

*मर्व्ह.* हे अमेरिकेतील मोजमाप आहे. तेथे घरभर पत्र्याच्या नळ्यांतून हवा फिरवणारी यंत्रणा असते आणि तिच्यात जाड फिल्टर बसवतात. त्यांना १ ते १६ असे क्रमांक असतात. क्रमांक जितका मोठा, तितकी गाळण बारीक. १३ क्रमांकाचा फिल्टर ०.३ ते १ मायक्रॉनच्या कणांपैकी निदान निम्मे अडवतो. परदेशात राहणारे नातेवाईक 'मर्व्ह तेरा घे' असा सल्ला देतात तो तेथल्या यंत्रणेपुरता योग्य आहे. आपल्या भिंतीवरच्या एसीला तो लागू होत नाही.

*हेपा.* दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या अणुबॉम्ब प्रकल्पात किरणोत्सारी धूळ अडवण्यासाठी हा फिल्टर विकसित झाला. ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण त्याने अडवावेत, अशी त्याची कसोटी आहे. हाच आकार अडवायला सर्वांत कठीण असतो. त्याहून मोठे आणि त्याहून लहान कण तुलनेने सोपे जातात. मात्र इतक्या दाट कागदातून हवा ढकलायला जोरकस पंखा लागतो. घरगुती एसीच्या पंख्यात ते बळ नसते. म्हणून एसीच्या आत चिकटवलेली बोटभर पट्टी 'हेपा' म्हणून दाखवली, तर विचारा : सगळी हवा या पट्टीतून जाते का? पट्टीच्या बाजूने हवा जात असेल, तर पट्टीचे गुण कागदावरच राहतात. 'हेपासारखा' किंवा 'हेपा टाइप' असे लिहिलेले असेल, तर तो हेपा असल्याची कोणतीही खात्री नाही असे समजावे.

*पीएम २.५.* हे फिल्टरचे नाव नव्हे. अडीच मायक्रॉन व त्याहून लहान कणांना पीएम २.५ म्हणतात. या नावाची जाळी अशा कणांपैकी किती टक्के अडवते आणि किती दिवसांनी बदलावी लागते, हे दोन आकडे विचारा. आकडे मिळाले नाहीत, तर त्यासाठी जादा पैसे मोजू नका.

*कोळशाची जाळी.* ही वास शोषते. परागकण किंवा माइट यांच्याशी तिचा संबंध नाही.

काही जण बाजारातून दाट कापडी फिल्टर आणून एसीच्या जाळीवर चिकटवतात. यंत्र बनवणाऱ्याने तशी सोय दिली नसेल, तर ते करू नये. हवेचा प्रवाह मंदावतो, आतल्या नळ्यांवर बर्फ धरते, खोली गार होत नाही आणि वीजबिल मात्र वाढते.

खरा मुद्दा ओलाव्याचा

१९०२ साली विलिस कॅरियर या तरुण अभियंत्याने न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्यासाठी आधुनिक एसीची पहिली योजना आखली. अडचण उकाड्याची नव्हती. दमट हवेने कागद फुगे, आक्रसे आणि रंग एकमेकांवर नेमके बसत नसत. हवेतला ओलावा काबूत ठेवणे हे एसीचे मूळ काम आणि अ‍ॅलर्जीच्या रुग्णाला त्याचा सर्वांत मोठा उपयोगही हाच.

माइट पाणी पीत नाहीत, हवेतला ओलावा शोषून जगतात. आर्द्रता बराच काळ ५० टक्क्यांच्या खाली राहिली, तर त्यांचे जगणे कठीण होते. बुरशीचेही तेच. खानदेशचा कोरडा उन्हाळा या दृष्टीने रुग्णाचा मित्रच आहे. पण कूलर पाण्यातून हवा ओढतो आणि ओलावा खोलीत आणून सोडतो. बाहेरची हवा ठणठणीत कोरडी असताना कूलरच्या खोलीत गादी सर्द होते. अमेरिकेतील कोलोरॅडोसारख्या कोरड्या मुलखातही कूलर असलेल्या घरांत माइटचे प्रमाण अधिक आढळले आहे.

याचा अर्थ कूलर फेकून द्यावा असा नाही. मे महिन्याच्या उकाड्यात उष्माघाताने माणूस दगावतो आणि एसी प्रत्येकाला परवडत नाही. कूलर वापरणाऱ्यांनी पुढील काळजी घ्यावी :

१. मागच्या वर्षीचे गवत पुन्हा वापरू नये. ज्याला आपण गवत म्हणतो, ते पुष्कळदा लाकडाचे बारीक तास असतात. ओले होऊन वर्षभर माळ्यावर पडलेल्या तासांत बुरशी वाढते आणि पहिल्याच दिवशी ती पंख्याच्या वाऱ्याने थेट नाकात जाते. वाळ्याचे पडदेही दरवर्षी नवे घ्यावेत.

२. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळावा. टाकी रिकामी करून, घासून, उन्हात वाळवावी. डेंग्यूच्या डासाची अंडी टाकीच्या भिंतीला चिकटून राहतात, म्हणून नुसते पाणी ओतून देणे पुरत नाही.

३. कूलर समोर असताना दुसऱ्या बाजूची खिडकी उघडी ठेवावी. दमट हवेला बाहेर जायला वाट हवी.

४. झोपेतून उठल्यावर पाण्याचा पंप बंद करून अर्धा तास नुसता पंखा चालवावा. गवत सुकते.

५. कूलरचे तोंड रस्त्याकडे, उकिरड्याकडे किंवा काँग्रेस गवताच्या मोकळ्या प्लॉटकडे नको.

गादीकडे लक्ष द्या

माइटची विष्ठा जड असते. कोणी गादीवर बसले, अंथरूण झटकले की ती उडते आणि थोड्या वेळात खाली बसते. जी वस्तू हवेत फारशी राहतच नाही, ती हवेच्या फिल्टरने कशी अडणार? म्हणून ज्याला धुळीचे वावडे आहे, त्याने पहिला पैसा अंथरुणावर खर्च करावा. चादरी आणि उशीचे अभ्रे आठवड्यातून एकदा, हात घालवणार नाही इतक्या गरम, म्हणजे ५५ ते ६० अंशांच्या पाण्यात धुवावेत. गादी-उशीला घट्ट विणीचे, चेन असलेले आवरण घालावे. जुनी गोधडी, गाद्या आणि उशा एप्रिल-मेच्या उन्हात गच्चीवर दिवसभर दोन्ही बाजूंनी तापवाव्यात. उन्हाने माइट मरतात, पण त्यांचे अवशेष राहतात, म्हणून नंतर त्या झटकणे आवश्यक आहे. झटकणारा माणूस रुग्ण नसावा आणि त्याने नाकाला फडके बांधावे. घरासमोर पिंजारी गादी पिंजत असेल, तेव्हा दम्याच्या रुग्णाने शेजारी जाऊन बसावे.

झाडू मारताना रुग्ण खोलीत नको. ओल्या फडक्याने पुसणे केव्हाही चांगले.

एसी घेतलाच, तर

जाळी सहज निघणारी, पाण्याने धुता येणारी आहे का, हे दुकानातच काढून पाहा. जी जाळी काढायला मिस्त्री बोलवावा लागतो, ती घरात कोणी धुत नाही. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी, महामार्गालगत किंवा जिनिंगजवळ घर असल्यास दर आठवड्याला, ती नळाखाली धुऊन सावलीत वाळवावी. ओली जाळी परत बसवू नये. हंगामाच्या सुरुवातीला मिस्त्रीकडून आतल्या नळ्या, पंखा आणि पाणी निथळण्याचा ट्रे धुऊन घ्यावा. एसी लावताच कुबट वास आला, तर आत बुरशी धरली असे समजावे. त्या वेळी रुग्णाने खोलीत बसू नये. बंद करण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटे नुसता पंखा चालवला, तर आतला भाग कोरडा होतो.

तापमान २४ ते २६ अंशांवर ठेवावे. १ जानेवारी २०२० पासून तारांकित एसी २४ अंशांवरच सुरू होतील अशी व्यवस्था केंद्र सरकारने केली आहे. ती वीज वाचवण्यासाठी असली, तरी दम्याच्या रुग्णालाही हितकारक आहे. ४४ अंशांतून एकदम १८ अंशांत आल्यावर गार हवेने श्वासनलिका आवळतात. गार झोत तोंडावर घेऊ नये. उन्हातून आल्यावर थोडा वेळ पडवीत थांबून मग आत जावे. दिवसातून एकदा खोलीची हवा मोकळी करावी.

हवा शुद्ध करणारे वेगळे यंत्र

बुरशी, धूर, मांजराचा कोंडा अशा तरंगत्या कणांनी त्रास होत असेल आणि खिसा परवानगी देत असेल, तर महागड्या जाळीच्या एसीपेक्षा साधा एसी आणि झोपण्याच्या खोलीपुरते खरा हेपा असलेले वेगळे यंत्र, ही जोडी अधिक उपयोगाची. यंत्र तासाला किती घनमीटर शुद्ध हवा देते, तो आकडा खोक्यावर असतो. तासात खोलीची हवा पाच वेळा गाळली जावी, असा हिशेब धरा. १० बाय १२ फुटांची, १० फूट उंचीची खोली १२०० घनफुटांची, म्हणजे सुमारे ३४ घनमीटर होते. तिला पाचने गुणल्यास १७०. तेव्हा तासाला निदान १७० घनमीटर हवा देणारे यंत्र हवे. फिल्टर बदलण्याचा दरवर्षीचा खर्चही आधीच विचारा. ओझोन सोडणारी यंत्रे घेऊ नका. ओझोनने दमा बळावतो.

नेहमीच्या काही शंका

*एसीने दमा बरा होतो का?* होत नाही. त्रास वाढवणाऱ्या काही गोष्टी कमी होतात, इतकेच. एसी आला म्हणून डॉक्टरांनी दिलेला पंप बंद करू नये. पंपाची सवय लागते, ही भीती निराधार आहे. औषध थेट श्वासनलिकेत अत्यल्प मात्रेत जाते. वीज गेली की एसी थांबतो, पंप मात्र खिशात असतो.

*जिनिंगमध्ये काम करतो, सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळते. घरी फिल्टर लावू का?* हा त्रास कापसाच्या धुळीचा असू शकतो आणि त्याचे मूळ घरात नाही. कामावर चांगला मास्क वापरा आणि डॉक्टरांकडून फुप्फुसांची फुंकून करण्याची तपासणी करून घ्या. धुळ्याच्या व जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत छातीच्या विकारांसाठी विचारणा करावी.

*पावसाळ्यात कूलर चालेल का?* नको. हवा आधीच दमट असते, गारवा मिळत नाही आणि बुरशी वाढते.

*डॉक्टरांकडे तातडीने केव्हा न्यावे?* बोलताना वाक्य पुरे होत नसेल, श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा पंप घेऊनही आराम पडत नसेल, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

दरवर्षी मे महिन्याच्या पहिल्या मंगळवारी जागतिक दमा दिन पाळला जातो. आपल्याकडे तो ऐन उन्हाळ्यात येतो. त्याआधी प्रत्येक घराने खर्चाचा क्रम ठरवून घ्यावा : प्रथम निदान आणि औषध, मग अंथरूण, मग कूलरचे गवत किंवा एसीची धुलाई आणि सर्वांत शेवटी, पैसे उरले तर, फिल्टर. क्रम उलटा केला, तर भिंतीवर नवा एसी दिसतो आणि त्याच्याखाली मूल रात्रभर खोकतच राहते.